बाजारातली प्रार्थना

मी नाताळच्या कामांची यादी वाचायला लागलो, की बाई पुढं यायची आणि सरळ कागदावर तळहात ठेवायची. "समदं हाय मास्तर. पर लेकरू कुठं हाय?"

लेकरू म्हणजे बाळ येशू. यादीत असायच्या पताका, जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांच्या खुर्च्या, पाद्रीसाहेबांच्या मडमेच्या केकसाठी अंडी, हलवायाची जागा.

"बाई, हात काढा. ते प्रार्थनेत येतं."

"मग प्रार्थना कुठं हाय यादीत?"

प्रार्थना यादीत नसायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती चुकत नाहीत, म्हणूनच त्यांचा जास्त राग येतो.

निजामाच्या राज्यात बीडला आमच्या मिशनची लहानशी शाळा होती. मी तिथं मास्तर, आणि ती बायबलबाई. वस्त्यावस्त्यांवर फिरून बायकांना बायबलातल्या गोष्टी सांगायची. मूळची धारूरकडची, विधवा, साठीला आलेली. वाचायला उतारवयात शिकली होती, त्यामुळं येशूच्या जन्माचा अध्याय वाचायला तिला अर्धा तास लागायचा. तो ती कुणाला आखूड करू द्यायची नाही.

पूर्वी आमचा नाताळ म्हणजे प्रार्थना आणि गुळाचा भात. मग आमच्या गोऱ्या पाद्रीसाहेबांच्या मुलखातून बाहुल्यांच्या पेट्या यायला लागल्या. त्या बघायला खेडी लोटली, आणि गर्दीच्या वासानं दुकानदार आले. दोन-तीन वर्षांत आमच्या आवारात जत्राच भरायला लागली, आणि तिचा कारभार माझ्या गळ्यात पडला.

एका वर्षी नाताळच्या तोंडावर आभाळ भरून आलं. दुकानदार माल कुठं ठेवायचा म्हणून काकुळतीला आले. पक्कं छप्पर फक्त आमच्या प्रार्थनेच्या देवळाला. मी कुलूप काढून दिलं. साखरेची पोती, कापडाचे गठ्ठे, बांगड्यांच्या टोपल्या पार वेदीपर्यंत गेल्या. संध्याकाळी ती चार बायका घेऊन प्रार्थनेला आली. पोत्यांच्या फटीत गुडघे टेकून प्रार्थना केली, पदरावरच्या मुंग्या झटकल्या आणि जाता जाता म्हणाली, "देवाच्या घरात मुंग्या आल्या मास्तर. मानसं कवा यायची?"

नाताळच्या सकाळी माल काही हलेना. पाद्रीसाहेब म्हणाले, प्रार्थना संध्याकाळी थोडक्यात उरकू. तिला हे सांगणं अर्थात माझ्याकडं.

"बाई, प्रार्थना संध्याकाळी."

"कावून?"

"देवळात जागा नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. "त्या लेकराच्या मायला तरी सराईत जागा कुठं घावली व्हती?"

आणि तिनं चटई उचलली. हलवायाची कढई आणि बांगडीवाल्याचं दुकान यांच्या मधोमध, भर वाटेत पसरली आणि चार बायकांना घेऊन बसली. मी दातओठ खात म्हणालो, "उठा हो बाई, तालुकदारसाहेब यायलेत, वाट अडली!"

"येऊ द्या की. चटई मोठी हाय."

जात्यावरच्या चालीत तिनं सुरुवात केली.

पहिली माझी ओवी, गव्हाणीच्या गवताला
देवाचं लेकरू, आलं तिथं निजायाला

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. हलवाई झारा आपटत होता, गिऱ्हाईकं ओरडत होती. तेवढ्यात म्हातारा बांगडीवाला घासाघीस करणाऱ्या बाईला म्हणाला, "ठैरो बीबी, अम्मा की दुआ होने दो." ती बाई गप्प झाली. मग शेजारची. हलवायानं झारा खाली ठेवला. तालुकदारसाहेब आले तेही कडेला उभे राहिले. ओवी संपवून तिनं तो अध्यायही वाचला, पूर्ण अर्धा तास! घामानं माझा सदरा भिजला.

आता काहीतरी सुधारेल असं तुम्हाला वाटेल. झालं भलतंच. तालुकदारसाहेबांना ओवी आवडली, आणि पुढच्या नाताळात मडमसाहेबांनी ती कार्यक्रमात घातली, पोत्यांची शर्यत आणि बाहुल्यांच्या वाटपाच्या मध्ये! बाई तोवर दिसेनासं झालं म्हणून धारूरला भाचीकडं गेली होती. तिला आणायला मलाच पिटाळलं. घाटात बैल लंगडला, आणि मी पोचलो तो नाताळच्या आदल्या दिवशी.

"चला बाई, रातोरात निघालो तर उद्या संध्याकाळपर्यंत पोचू. सगळे वाट बघतायत."

"मी काय गानारीन हाय व्हय? तुमची जत्रा माझ्याबिगर व्हती. हितं आपली सहा घरं हायत, त्यास्नी वाचून दावाया कुनी न्हाई." मग हळूच म्हणाली, "मला तर आता अक्षरच दिसंना. तुमी वाचा."

मी कपाळावर हात मारून घेतला. पण लंगड्या बैलासमोर इलाज नव्हता.

सकाळी भाचीच्या अंगणात सहा घरांची माणसं जमली. मी सवयीनं भराभर वाचत सुटलो.

"दमानं मास्तर. कुनाला कुठं जायाचंय?"

खरंच, कुणालाच कुठं जायचं नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. मेंढपाळांपर्यंत आलो तेव्हा ध्यानात आलं, की हा अध्याय मी कितीतरी वर्षांत शेवटपर्यंत ऐकलाच नव्हता. दरवेळी कुणीतरी खुर्च्यांसाठी हाक मारायचं. ओळीवर बोट ठेवून मी तिथंच थांबलो. तिला दिसत नव्हतं, पण कळलं. म्हणाली, "पानी प्या. मग वाचा."

बीडला परतल्यावर मडमसाहेब आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

बाई पुढच्या श्रावणात गेली. सांगावा घेऊन धारूरचा एक माणूस चालत आला होता. निघताना घुटमळला आणि म्हणाला, "नाताळाला वाचाया याल का, इचारलंय समद्यांनी."

पाद्रीसाहेबांना न विचारताच मी त्याला हो म्हणून सांगितलं.