सुचिताची रिकामी चढाई

चौलमध्ये सुचिताला कबड्डीवाली म्हणून कुणी ओळखत नाही. बालवाडीच्या बाई, गणराजची बायको, अमिषाची आई, यांतलं ज्याला जे सोयीचं ते तो म्हणतो. त्रेचाळीस वर्षांची, चष्मा लावणारी, रस्ता ओलांडताना पोरांचे दंड लाल होईपर्यंत धरून ठेवणारी बाई. पण लग्नाआधी ती पेणच्या कॉलेजच्या संघातून तीन वर्षं खेळली होती, आणि त्या तीन वर्षांत आपण हिला पकडलं असं सांगू शकतील अशा मुली सगळ्या जिल्ह्यात चार-पाचच निघाल्या असत्या.

ती मिठागरावरच्या घरातली. वडील रामचंद्र धरमतरच्या खाडीकाठी कामाला होते. पावसाळा संपला की मिठाच्या वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावी लागे आणि त्या कामाला घरातली सगळीच उतरत. सुचिताच्या पायांना वळण लागलं ते तिथे. चिखलात पाय रोवायचा, पण रुतू द्यायचा नाही. मैदानावरही ती तशीच वावरायची. समोरच्या सात जणींच्या अंगणात शिरायचं, "कबड्डी कबड्डी" म्हणत दम घुमवत डावा कोपरा, उजवा कोपरा चाचपून बघायचा, कुणी नुसता खांदा हलवला तरी पाय काढता घ्यायचा आणि दम संपायच्या आत मध्यरेषेवर परत. कुणाला हात लागला तर गुण मिळाला. नाही लागला तर ती रिकामी चढाई, आणि त्या काळी रिकाम्या चढायांना कसलीच शिक्षा नव्हती. उलट संघ दोन-तीन गुणांनी पुढे असला की शेवटची पाच मिनिटं काढायला कप्तान सुचितालाच पाठवायची. मैत्रिणी तिला टपाल म्हणत. दारोदार जाऊन येते, पण बसत कुणाकडे नाही.

शेवटच्या वर्षी तिला मुंबईच्या एका संघाच्या चाचणीचं पत्र आलं. घरातून कुणी नको म्हटलं नाही. वडिलांनी तर नवी पिशवी आणून दिली. सुचिता पेणच्या एसटी स्टँडवर गेली. मुंबईची गाडी लागली, भरली, सुटली, आणि दुपारच्या जेवणाला सुचिता घरी होती. विचारलं तेव्हा म्हणाली, पोटात दुखत होतं. पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं.

अमिषा आठ वर्षांची झाली तेव्हा सुचिताने घरामागे, सुपारी वाळत घालायच्या खळ्यात, चुन्याने रेषा मारल्या. सासूबाई, ठमाबाई, सुपारी कुठे टाकू म्हणून महिनाभर कुरकुरल्या. सुचिताने मुलीला शिकवलं ते जीव ओतून. पाय कसा टाकायचा, दम कुठे अर्धा झाला हे कसं ओळखायचं, कोपऱ्यातली मुलगी घोट्यावर झेप घ्यायच्या आधी कशी किंचित खाली बसते. आणि प्रत्येक वेळी शेवटी एकच गोष्ट सांगितली. आधी परत यायचं, बाकीचं मग.

अमिषा अलिबागच्या कॉलेजात गेली तोवर खेळ बदलला होता. टीव्हीवरच्या सामन्यांतले नियम हळूहळू कॉलेजच्या मैदानांवर आले. मातीच्या जागी मॅट आली, अनवाणी पायांत बूट आले, दमाच्या जोडीला तीस सेकंदांचं घड्याळ आलं. सुचिताला ते सगळं चाललं. चालला नाही तो तिसऱ्या चढाईचा नियम. संघाच्या दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईला जाणारीने गुण आणलाच पाहिजे. रिकामी परतली तर ती बाद, आणि गुण समोरच्यांना.

एवढ्याशा नियमाने खेळाची तऱ्हाच पालटली. पूर्वी समोरच्या मुली पुढे पुढे यायच्या, चुकायच्या, आणि चढाई करणारी त्यांच्या चुकीची वाट बघायची. आता तिसऱ्या चढाईला त्या साती जणी मागे सरकून, एकमेकींचे हात धरून नुसत्या उभ्या राहतात. त्यांना घाई नसते. घाई फक्त आत आलेल्या मुलीला. तिलाच त्यांच्याकडे जावं लागतं.

घरात आणखी एक गोष्ट ठरलेली होती. कॉलेजचा सराव संध्याकाळी सातला संपायचा, अमिषा घरी पोचेपर्यंत आठ वाजून जायचे आणि ठमाबाई तोवर ओटीवरून हलायच्या नाहीत. रोजची कटकट मिटवायला गणराजने तोडगा काढला होता. पोरगी संघात आहे तोवर सराव. संघातून नाव गेलं की चारच्या गाडीने घरी, आणि मग खेळाचं नाव नाही. अमिषाने ते मान्य केलं, कारण संघातून आपलं नाव जाईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

ऑक्टोबरात माणगावला सामना झाला. अमिषावर तीन वेळा तिसरी चढाई आली. तिन्ही वेळा ती आत शिरली, सुंदर फिरली, कोपऱ्यातल्या मुलीला दोनदा फसवलं, आणि वीस सेकंद झाले की तिचे पाय आपसूक मध्यरेषेकडे वळले. तिन्ही वेळा पंचांनी हात वर केला. संघ दोन गुणांनी हरला. बाकावरून सुचिताने तिन्ही वेळा पाहिलं आणि तिला स्वतःचीच पाठ दिसली.

चार दिवसांनी शिवानी मॅडम स्कूटरवरून घरी आल्या. संघाला शिकवायच्या त्या, वयाने जेमतेम तिशीच्या. चहा घेतला, ठमाबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि मग खळ्यातल्या पुसट चुन्याच्या रेषांकडे बघत म्हणाल्या, "काकू, हिचे पाय फार चांगले आहेत. पण ऐन वेळेला ते घराकडे वळतात. हे आमच्याकडे शिकलेलं नाही, घरचं आहे. आता तुम्हीच काढा."

तीन आठवड्यांनी विद्यापीठाच्या स्पर्धांसाठी संघ निवडायचा होता. तोवर अमिषाला तिसरी चढाई जमली नाही तर तिच्या जागी दुसरी मुलगी, हेही त्यांनी सांगून टाकलं. उगाच आशा दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

ते ऐकून सुचिताला पहिल्यांदा काय वाटलं, हे तिने कुणालाही सांगितलेलं नाही. तिला हायसं वाटलं. महिनाभर ती फोनवर इतर सामन्यांतल्या तिसऱ्या चढायांचे व्हिडिओ बघत होती. एका मुलीवर सात जणी कोसळतात, ढिगातून एक पाय बाहेर दिसतो, तो कुठल्या बाजूला वळला आहे ते कळत नाही. पुन्हा मागे नेऊन बघायची, पुन्हा कळायचं नाही. नाव गेलं तर पोर चारच्या गाडीने, दोन धड गुडघ्यांनिशी घरी येईल. क्षणभरच वाटलं ते. मग तिने अमिषाचं तोंड बघितलं आणि स्वतःचीच शरम वाटून कपबशा उचलल्या.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे सहाला खळ्यात सराव सुरू झाला. सुपारी ताडपत्रीवर, एका कडेला. अमिषाने चढाई करायची, रेषेवर परत फिरायचं नाही, सरळ आईच्या अंगावर यायचं, हात लावायचा आणि मग सुटून पळायचं. पकडायला सुचिता. गणराज कंपनीच्या पहिल्या पाळीला जायच्या आधी कट्ट्यावर बसून मोबाइलवर सेकंद मोजायचा. "तुम्ही भांडताय का खेळताय, ते एकदा सांगा," म्हणायचा, "म्हणजे मध्ये पडायचं की नाही ते मला कळेल."

अमिषा आत यायची, खांद्याला हात लावायची. सुचिता तिचा घोटा धरायची. अमिषा झटका द्यायची, आणि सुटायची. पहिल्या दिवशी दहातून सहा वेळा. चौथ्या दिवशी दहातून नऊ वेळा. पोरीचं तोंड फुलून आलं. ठमाबाईसुद्धा दारात येऊन बघायला लागल्या आणि "व्हय, आता जमतंय हिला," असं शेजारणीला सांगून आल्या.

जमत नव्हतं. पाय किंचित तिरपा झाला, घोट्याचं हाड हाताखाली जाणवलं, की सुचिताची बोटं सैल पडायची. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं, आणि कळूनही ती सोडत राहिली. लागलं तर निवडीलाच जाता येणार नाही, असं मनाला समजावलं. ते खोटंही नव्हतं.

दहा दिवसांनी काशीदच्या महिला संघाशी सरावाचा सामना झाला. तिथल्या मुली कोळीवाड्यातल्या, हाताला बळकट. अमिषावर चार वेळा तिसरी चढाई आली. या वेळी ती मागे वळली नाही. चारही वेळा सरळ आत घुसली, हात लावला आणि चारही वेळा धरली गेली. धरली गेल्यावर तिने काय केलं ते मैदानावर फक्त सुचिताला दिसलं. घोट्यावर हात पडला, अमिषाने एक झटका दिला आणि ती थांबली. पाव सेकंद असेल. पकड सैल व्हायची ती वाट बघत होती. तेवढ्यात बाकीच्या सहा जणी वर आल्या.

परतीच्या एसटीत अमिषा खिडकीशी बसली होती. कोपराला खरचटलं होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. कोर्लई मागे पडल्यावर ती बाहेर बघतच म्हणाली, "तू सोडत होतीस ना?"

सुचिता हातातलं तिकीट दुमडत राहिली.

"आई, मला वाटलं मला जमतंय."

एवढंच. ती रडली नाही, चिडली नाही. चिडली असती तर सुचिताला सोपं गेलं असतं. रेवदंड्याच्या पुलावर गाडी आली तेव्हा अमिषाने सांगून टाकलं, उद्यापासून बाबांना धरायला सांगते.

"बाबांना पकड येत नाही."

"मग कोण धरणार?"

"मीच," सुचिता म्हणाली. गाडीच्या आवाजात ते अमिषाला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, कारण तिने मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी सुचिताने चष्मा काढून कट्ट्यावर ठेवला. अमिषा आली, खांद्याला हात लागला, सुचिताने घोटा धरला आणि धरून ठेवला. अमिषा तोंडावर आपटली. गणराज कट्ट्यावरून उठला. सुचिताने मान हलवली तसा तो परत बसला आणि सेकंद मोजत राहिला. तीस झाले. बाद. पुन्हा. बाद. त्या दिवशी अमिषा एकदाही सुटली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिच्या गुडघ्यांची सालं गेली. रात्री झोपेत तिची बोटं चादर धरून ओढायची. सुचिताचे दंड इतके दुखायचे की बालवाडीत फळ्यावर हात वर नेताना तिला डाव्या हाताने उजव्याला टेकू द्यावा लागे. ठमाबाई दारातूनच विचारायच्या, "पोर हाय का वैरीण हाय गो तुझी?" सुचिता धापा टाकत पुन्हा पकडीच्या पवित्र्यात उभी राहायची.

पाचव्या सकाळी अमिषा पालथी पडली होती, रेषा हातभर लांब होती, आणि ती लहानपणी म्हणायची तशा बारीक आवाजात म्हणाली, "आई, सोड."

सुचिताने डोळे मिटून घेतले. हाताखाली घोट्याचं ते नाजूक हाड होतं. बोटं उघडायला निघाली होती. ती तिने दात खाऊन मिटली, आधीपेक्षा घट्ट. अमिषाने एकदा श्वास घेतला, वाट बघितली नाही, कमरेतून सगळं अंग उलट पिळलं आणि आईसकट स्वतःला पुढे ओढलं. बोटं चुन्यावर पडली.

"अठ्ठावीस," गणराज म्हणाला.

अमिषा उठून बसली. "सोडलंस?"

"नाही."

तिचा विश्वास बसला नाही. तिने आपला घोटा उजेडात धरून बघितला. चार बोटांचे वळ उमटले होते, मध्येच नखाने साल निघालं होतं. मग तिने चपला घातल्या आणि नळावर गेली.

निवडीच्या दिवशी सुचिता अलिबागला गेली नाही. बालवाडी होती, आणि नसती तरी गेली नसती. दुपारी पोरं डबे उघडून बसली असताना शिवानी मॅडमचा फोन आला. अमिषाची निवड झाली होती. तिसऱ्या चढाईला पाच वेळा पाठवली, चार वेळा गुण घेऊन आली. एकदा तर तिघींना ओढत रेषेवर आणलं. मॅडम इतक्या खुशीत होत्या की शब्द एकमेकांवर पडत होते. "आता तिसरी चढाई म्हटली की हीच जाणार, काकू. दुसऱ्या कुणाला मी पाठवणारच नाही."

सुचिताने विचारलं, एका सामन्यात अशा किती येतात. आठ-दहा तरी, मॅडम म्हणाल्या, समोरचा संघ चांगला असला तर जास्तच. सामने किती, हे तिने विचारलं नाही. पडली का कुठे, एवढं विचारलं. पलीकडून हसू आलं. "पडणारच ना काकू, खेळ तो."

घरी सगळे खूश होते. गणराजने येताना पेढे आणले. ठमाबाईंनी देवापुढे पेढा ठेवला आणि रात्री आठला अमिषा आली तेव्हा ओटीवरून पहिल्यांदाच एक शब्द बोलल्या नाहीत. जेवणं झाल्यावर अमिषा पाय लांब करून भिंतीला टेकून बसली. उजवा घोटा सुजला होता. सुचिताने आंबेहळद उगाळून आणली आणि बोटांनी लावायला घेतली, अगदी हलक्या हाताने.

"सहाला उठव," अमिषा डोळे मिटून म्हणाली. "आणि उद्या दोन्ही हातांनी धर. स्पर्धेत त्या मुंबईच्या मुली असणार, तुझ्या दुप्पट आहेत."

सुचिताने वाटीतली हळद बोटाने निपटून घेतली, घोट्याच्या मागच्या बाजूला लावली, आणि हो म्हणाली. नाही म्हणायला कुठे जागा होती.