डाव्या हाताचा गेम

“हात लावून पाहा ना वहिनी, चावते का ते?” असं म्हणून तो हातातलं गेमचं यंत्र माझ्यापुढे धरायचा. मागचं झाकण लावलेलं नसायचंच. आतल्या तारांवर चहाचे थेंब पडले तरी त्याला फिकीर नसे.

आंधळगावात आमच्या घराला लागून त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांचे मोबाईल तसेच पडून राहत आणि हा आपला हातात मावणारी छोटी यंत्रं जोडत बसे. आम्ही लहान असताना पोरं टीव्हीला जोडून जे गेम खेळत, ते त्यात चालायचे. गिऱ्हाईक बोंबलत परत जाई. पोटापेक्षा नाद मोठा असलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

माझे यजमान विणकर. लकव्याने त्यांचा उजवा हात गेला आणि माग थांबला. दिवसभर भिंतीकडे पाहत बसत, ताट ठेवलं तरी शिवी देत. लहानपणी हे आणि तो एकाच टीव्हीपुढे खेळलेले. एकदा तो आला, त्यांच्या डाव्या हाताची बोटं चाचपली आणि दुकानात गेला. परत आला तो सगळी बटणं डावीकडे घेतलेलं यंत्र घेऊन.

“घे बे. आता हरला तर हाताचं कारण नको सांगू.”

हे हसले. लकव्यानंतर पहिल्यांदा.

त्या यंत्राचा नकाशा, म्हणजे कुठला भाग कुठे जोडायचा ते, इंटरनेटवर कोणालाही फुकट मिळतो, असं तो सांगे. घ्यावा, बनवावा, बदलावा. रीत एकच, आपण केलेला बदल पुढच्यासाठी उघडा ठेवायचा. त्यानेही डाव्या हाताचा नकाशा तिथे ठेवून दिला.

“हे तं आपल्या काठासारखंच झालं,” हे म्हणाले. आमच्या मोहल्ल्यात शेजारच्या मागावर बसून कोणीही साडीच्या काठाची नक्षी शिकतो. पडदा कोणी लावत नाही.

तुमसरच्या एका दुकानदाराने पडदा लावला. हाच गेम बनवून घेतला, वर स्वतःचं नाव छापलं आणि चारही कडा गोंदाने बंद केल्या. माझ्या अंगाची आग झाली. हा म्हणे, “विकू दे ना.” मला तेव्हा त्याचाही राग आला होता.

मग बपेऱ्याची एक बाई तो चिकटवलेला गेम घेऊन आली. तिच्या वडिलांचा डावा हात गेलेला. बटणं उजवीकडे करून हवी होती. याने कड उचलली आणि काच तडकली.

“तोडलं ना! दुकानवाला म्हणतच होता, त्याच्याजवळ नेऊ नका!”

त्याचं तोंड उतरलं. तिला स्वतःजवळचं यंत्र बटणं उजवीकडे करून दिलं आणि दुसऱ्याच दिवशी एसटीने तुमसरला गेला. यांच्या गोळ्या आणायच्या म्हणून मीही सोबत होते. मी दुकानाच्या पायरीखाली उभी राहिले, तो वर चढला.

“विक ना तू. मी कायले नाही म्हणू? पण गोंद काहून लावला?”

“तुह्या बापानं शोधला का हा गेम?”

“नाही. म्हणूनच सांगून राहिलो. तुह्याही बापानं नाही.”

दुकानदाराने कॉलर धरून त्याला पायरीवरून ढकललं. आतली गिऱ्हाइकं हसली. मी रस्त्यातून त्याचा चष्मा उचलून दिला.

पुढच्या उन्हाळ्यात काविळीने तो गेला. सगळ्या गावाच्या वस्तू उघडून पाहणारा, दवाखान्यात मात्र वेळेवर गेला नाही. हा राग मी कोणावर काढू?

तेरवीला तो दुकानदार आला. पंगतीत बसून मोठ्याने सांगत होता, “आपलाच माणूस होता तो. आता त्याचा गेम मीच चालवून राहिलो. दुसरं आहेच कोण?” लोक माना हलवत होते. यजमान कोपऱ्यात बसून माझ्याकडे पाहत होते.

मी वरण वाढत होते. चार माणसांत माझा आवाज निघत नाही.

“बाई, वरण आणा इकडं.”

मी त्या दुकानदाराच्या पत्रावळीपुढे थांबले. त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि पुढच्याला वाढलं. त्याने पुन्हा हाक दिली, मग त्याच्या शेजारी बसलेल्यानेही दिली. पंगत उठेपर्यंत वरणाचं भांडं मी कोणाच्या हाती दिलं नाही.