कुमुदताई आणि माझ्या तळ्यातल्या उवा

डॉ. कुमुदताई मला पहिल्यांदा भेटल्या, तेव्हा त्या माझ्यावर जाम चिडल्या होत्या. गौरवलेखाची सुरुवात अशी करू नये म्हणतात, पण झालं ते असंच.

कडावला आमचं शेततळं आहे. त्यातले रोहू काठाला अंग घासू लागले, अंगावर लाल चट्टे दिसू लागले. औषधांच्या दुकानदाराने मासा न बघताच एक पावडर दिली आणि मी ती दोनदा ओतली. मासे मरतच राहिले. शेवटी खालापूरहून माशांच्या डॉक्टर म्हणून कुमुदताईंना बोलावलं. त्यांनी तळ्याआधी माझ्याकडे पाहिलं. "काय ओतलंस गं ह्यात?"

ओल्या फडक्यावर रोहू धरून त्यांनी पराच्या मुळाशी बोट ठेवलं. मसुरीच्या डाळीएवढं चपटं काहीतरी सरकलं. "ही माशाची ऊ. तुजी पावडर जंतूंवरची हाय, उवांवर चालत नाय. अशीच ओतत राहिलीस तर उद्या जंतूपण तिला भीक घालणार नायत."

त्यांचा उपाय ऐकून मला हसू आलं. तळ्यात बांबू रोवायचे. उवा त्यांवर अंडी घालतात. दर आठवड्याला बांबू उपटून कडक उन्हात वाळवायचे आणि परत रोवायचे. उवा खरंच हटल्या. जखमांत शिरलेल्या जंतूंसाठी मात्र त्यांनी तपासणी करून, मोजून औषध दिलं आणि ते माशांच्या अंगातून उतरेपर्यंत विक्री बंद ठेवायला सांगितली. माथेरानच्या एका हॉटेलची ऑर्डर ठरलेली होती. मी भांडले. त्या म्हणाल्या, "तुज्या नातवाला आज ह्यातला मासा वाढशील?" मी हॉटेलला नकार कळवला. ऑर्डर हातची गेली, पण त्यानंतर मी मासा बघितल्याशिवाय औषधाला हात लावला नाही.

अशा बाईंना नोकरीभर एक धड सूक्ष्मदर्शक मिळाला नाही. त्यांनी तो स्वतः घेतला आणि पिशवीत घालून पार कोंडाणे गावापर्यंत तळ्यातळ्यावर नेला. आता साठीला शाल द्यायला मात्र सगळे पुढे!

शालीचं एक वेळ सोडा. त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथाची कच्ची पानं मी पाहिली, तर मागच्या पानावर त्याच पावडरीची रंगीत जाहिरात! वर 'कुमुदताईंना हार्दिक शुभेच्छा'. ग्रंथ काढणाऱ्या समितीच्या अध्यक्षांना जाब विचारला, तर म्हणतात, "अवो, ग्रंथ छापायचा तर कोन तरी पैसे देनारं लागतंच ना!" माझं डोकंच फिरलं. मासा न बघता पावडर ओतायच्या ज्या खोडीपायी या बाईंनी उन्हातान्हात घसा कोरडा केला, तिचीच जाहिरात त्यांच्या नावाखाली? लाज कशी वाटत नाही? मी अध्यक्षांना सांगून आले, जाहिरात राहणार असेल तर माझा लेख काढा.

कुमुदताईंना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना ठणठणीत प्रकृती आणि भरपूर आयुष्य लाभो, नजर अशीच तीक्ष्ण राहो. अजून पुष्कळ तळ्यांना त्यांच्या रागावण्याची गरज आहे. आणि वाचकहो, हा लेख तुम्हाला छापलेला दिसत असेल, तर ग्रंथ उलटा करून बघा. मागचं पान कोरं असेल. ताईंना माझा तेवढाच आहेर.