बोटीच्या पंख्याला हार

सार्वजनिक वस्तूची मिरवणूक काढू नये, असा कायदा आपल्याकडे नाही. तो असावा, असे माझे ठाम मत आहे. आणि ते मत मी कोल्हापुरात वकिली करताना नव्हे, तर निवृत्तीनंतर, माझ्या थोरल्या बहिणीच्या गावी नदीकाठच्या चिखलात उभा राहून बनवले.

अक्काचे सासर नृसिंहवाडीच्या वाटेवर, नदीच्या वळणात आहे. मणक्याच्या दुखण्याने तिचे पाय गेले, तेव्हापासून ती खिडकीशेजारच्या खाटेवर असते. मुलगा आणि सून तिला सांभाळतात. मागच्या पुरात गावच्या यांत्रिक बोटीतून तिला हलवायचे ठरले. बोट काठापासून बरीच आत गेल्यावर चालवणाऱ्याने वेग वाढवला आणि सगळी बोट थरथरू लागली. इंजिनापासून, पाणी कापत बोट ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत जाणारा लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, जिथे बोटीच्या तळातून बाहेर पडतो, तिथल्या ग्लँडमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बुचातून, पाणी आत उसळले. इंजिन बंद करून, बांबूने रेटत बोट परत आणावी लागली. पाणी ओसरेपर्यंत अक्का शेजाऱ्याच्या स्लॅबवर ताडपत्रीखाली राहिली. खाली उतरल्यावर तिने जाहीर केले, "पुन्हा पाणी आलं तर मला हितंच ऱ्हाऊ दे. त्या खुळखुळ्यात मी बसायची न्हाय."

माझी बहीण हे वाक्य चेष्टेत बोलत नव्हती. तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. बोट सुधारली नाही तर पुढच्या पुरात ती घरातच बुडेल, इतका सरळ हा मामला होता.

मी तालुक्याच्या कचेरीला पत्र लिहिले. उत्तर आले : बोटीची तपासणी केली असता ती सुस्थितीत आढळून आली. तपासणी कशी केली, असे मी दुसऱ्या पत्रात विचारले. बोट काठावर ठोकळ्यांवर उभी होती, गिअर न टाकता इंजिन सुरू केले, आवाज ऐकला आणि सही केली, असे कळले. तबेल्यात उभा असताना घोडा लंगडत नाही, सबब तो शर्यतीस लायक आहे, असा हा न्याय!

मग मी सरपंचांकडे गेलो. ते हसून म्हणाले, "पावणं, भैनीकडं आलायसा, चार दिस ऱ्हावा, तांबडा-पांढरा रस्सा हाणा. गावच्या बोटीचं गाव बघंल की."

"ज्या बोटीत माझी बहीण बुडायची आहे, तिच्याबद्दल विचारायला मला या गावचा सातबारा लागत नाही," मी म्हणालो. बोट ज्यांच्या ताब्यात, त्या पूर समितीच्या प्रत्येक सदस्याला व्यक्तिशः नोटीस पाठवीन, हेही बजावले. त्यानंतर बोट पुन्हा तपासायला त्यांची हरकत राहिली नाही.

बोटीची दुरुस्ती बघणारा मिस्त्री विहिरींचे पंप दुरुस्त करी. दणदणीत आवाजाचा, आणि समितीचा सदस्यही. त्याने आधी पंखा बदलला होता. थरथर गेली नाही. मग इंजिनाखालचे रबर बदलले. तरी गेली नाही. आता तो गिअरबॉक्स उघडायला निघाला होता.

"तुम्ही पुराव्याआधीच एकेकाला फाशी देत सुटला आहात," मी म्हणालो.

"वकीलसाहेब, इंजिन काय पिंजऱ्यात हुबं ऱ्हाऊन कबूल करत नसतंय!"

"म्हणूनच साक्षीपुरावा लागतो. बोट पाण्यात घाला."

कुरकुरत का होईना, त्याने बोट पाण्यात घातली. गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणारे कपलिंग सोडवले आणि शाफ्ट जागीच सुटा ठेवून इंजिन नुसतेच पूर्ण वेगाने पळवले. थरथर नाही. इंजिन निर्दोष. मग कपलिंगच्या दोन चकत्या जवळ आणून, त्यांच्यामधली फट पातळ पोलादी पट्ट्यांच्या गेजने मोजायची होती. फट सगळीकडे सारखी असावी लागते. ती नसेल, तर खरा प्रश्न पुढेच असतो. शाफ्ट हाताने फिरवल्यावर मोठी फट बोटीच्या त्याच बाजूला राहिली, तर इंजिन वाकडे बसले आहे. फट शाफ्टबरोबर फिरू लागली, तर दोष शाफ्टमध्येच आहे. मी शाफ्टच्या चकतीवर, मोठ्या फटीपाशी, खडूने खूण केली. मिस्त्रीने शाफ्ट थोडा फिरवला. फट खुणेच्या मागोमाग गेली. पुन्हा फिरवला, पुन्हा गेली.

"वाकलाय," मिस्त्री म्हणाला, आणि लगेच, "दगडाला लागला असंल नदीत."

"या वळणात गाळाशिवाय काही नाही. दगड आणला कुठून?"

तो गेज पुसू लागला. उत्तर मला घरी अक्काने दिले.

"दगड कसला रं? आमच्या दारातल्या स्पीडब्रेकरवर आपटला की. मी हितनं बघितलाय. ठण्णदिशी वाजला, तरी हलगी थांबली न्हाय."

मग सगळी हकीकत बाहेर आली. मागच्या पुराआधी, पावसाच्या तोंडावर, बोटीची मिरवणूक निघाली होती. उसाची ट्रॉली बोटीपेक्षा आखूड. शहाणपण असे सांगते की बोटीचे नाक बाहेर काढावे. पण बायकांना पंख्याला हळदकुंकू लावायचे होते, पुढाऱ्यांना पंख्याला हार घालून फोटो काढायचा होता. म्हणून बोटीचे नाक ट्रॅक्टरकडे करून पंखा आणि शाफ्टचे टोक मागे अधांतरी लोंबत ठेवले, आणि त्या अवस्थेत तिला गावभर फिरवले. ट्रॅक्टर चालवत होता मिस्त्री. ज्या अवयवावर माणसांचे जीव अवलंबून, नेमका तोच, पूजेसाठी म्हणून, रस्त्यावर आपटायला बाहेर काढला!

मी सरपंचांसमोर हे मांडले. "देवाचं काम हुतं," ते म्हणाले. देवाने अशी लेखी मागणी केली होती काय, असे मी विचारले. ते त्यांना आवडले नाही.

शाफ्ट काढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर चढवला. पंख्याकडच्या टोकाला वाक मोजणाऱ्या डायलचा काटा असा हेलकावला, की लेथवाल्याने "सरळ करत बसू नका" म्हणून नवाच शाफ्ट करायला सांगितले. तो बसवताना मिस्त्रीशी माझे पुन्हा भांडण झाले. त्याला कपलिंग काठावर, ठोकळ्यांवर जुळवायचे होते. ठोकळ्यांवरची बोट आणि पाण्यावरची बोट यांचा आकार एकच राहत नाही, हे त्याला पटेना. शेवटी चिडून त्याने दोन्हीकडे मोजले. पाण्यात फट वेगळी आली. मग मात्र त्याने पाण्यात बसून, इंजिनाचे पाय बारीक-बारीक सरकवत, असे काम केले की मला बोट ठेवायला जागा राहिली नाही. पूर्ण वेगाने बोट सुरीसारखी गेली. ग्लँडमधून गळायचे तेवढे थेंबच गळले.

आणि दुसऱ्या दिवशी घाटावर ट्रॅक्टर आला. तीच ट्रॉली, तीच हलगी. बोट सुधारल्याच्या आनंदात समितीने मिरवणूक ठरवली होती!

मी लेखी हरकत घेऊन पुढे झालो. ती मोठ्याने वाचू लागलो. सरपंच म्हणाले, "वाचा की पावणं, हलगीच्या तालावर वाचा." लोक हसले. दोर बोटीला बांधले जाऊ लागले.

तेवढ्यात मागून गलका झाला. अक्काचा मुलगा आणि शेजारी तिला खुर्चीसकट उचलून आणत होते. तिने कुणाकडे पाहिले नाही. "आत ठेवा," एवढेच म्हणाली, आणि पाण्यातल्या बोटीत मधोमध बसली.

"अक्का, हे काय?" सरपंच गोंधळले.

"बघतूस काय! काढ मिरवणूक. माझ्यासकट उचल."

"पूजा झाली की परत ठिवतो. उतरा की वाईच."

"पूजा हितं कर. पंखा पाण्यात हाय, तिथंच ऱ्हाऊ दे. हार नाकाला घाल."

मिस्त्री दोर सोडत म्हणाला, "सरपंच, अक्काचं वजन ट्रॉलीला झेपायचं न्हाय." या वेळी लोक सरपंचांना हसले. सरपंचांनी बोटीच्या नाकाला हार घातला, तोंड आंबट करून.

मी बोटीत शिरलो. मिस्त्रीने इंजिन सुरू केले. प्रवाहात आल्यावर अक्काने तळहात लाकडावर सपाट ठेवला आणि डोळे मिटून बसली.

"जोरात घे," ती म्हणाली.

त्याने वेग वाढवला. ती हात ठेवून होती.

"आणि जोरात." बऱ्याच वेळाने तिने हात उचलला. "हं. आता ही बोट."

मी म्हणालो, मग पुढच्या पुरात बसणार ना?

"बसंन की. पर ती ट्रॉली जाऊ दे आधी."

ट्रॉली घाटावरच उभी होती. ती वर रस्त्याला लागेपर्यंत अक्का उतरली नाही. मीही नाही.