शाहीनच्या डब्यातली खिचडी

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. माझ्या हाताखाली पीएचडी केलेल्या पोरींना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय — काहून? ते माझं मलाच नीट उमगलेलं नाही. बसा जरा.

आधी एक सांगून टाकते. माझं काम खोटं नव्हतं. सगळ्या जातीधर्मांची पोरं एका वर्गात मानानं कशी शिकतील, यावर मी हयात घालवली. बीडपासून दिल्लीपर्यंत बोलले, भल्याभल्यांची तोंडं बंद केली. त्यातला एक शब्दही मी मागं घेणार नाही. लाज आहे ती दुसऱ्याच गोष्टीची.

माजलगावच्या शाळेत मी नवी नवी शिक्षिका होते. मधल्या सुट्टीत पोरं आपापल्या जातीचा घोळका करून जेवायची. म्हटलं, हे माझ्या वर्गात चालायचं नाही! सगळ्यांना गोल बसवलं, डबे मधोमध ठेवायला लावले, ज्याला जे आवडेल ते त्यानं घ्यायचं. पालक भांडायला आले — एकेकाला पुरून उरले मी. महिन्याभरात पोरं एकमेकांच्या डब्यांवर तुटून पडायला लागली. शेंगदाण्याची चटणी, दालचा, बाजरीची भाकरी... लई मजा यायची, खरंच.

आणि मी? मी त्या गोलाबाहेर उभी. कुणी घास पुढं केला — बाई, घ्या ना — की म्हणायचे, आज माझा उपास आहे.

कधी सोमवार, कधी गुरुवार, कधी चतुर्थी. एका माणसाला एवढे उपास असतात का हो? घरी जाऊन मी पिठलं-भाकरी पोटभर हाणायचे. खरं इतकंच होतं — मुसलमानाघरचं, दलितवस्तीतलं शिजलेलं माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. माझ्या वर्गातल्या शाहीनचे अब्बा फळांचा गाडा लावायचे, त्यांची केळी मात्र मी बिनदिक्कत खायचे. सालाच्या आतलं चालायचं मला.

पण हेही ते नाही. मी अजून भोवतीच फिरतेय.

शाहीन चौथीत होती. एका सोमवारी ती वेगळाच डबा घेऊन माझ्यापुढं आली. साबुदाण्याची खिचडी. अम्मीनं शेजारणीला विचारून विचारून केलेली. म्हणाली, "बाई, उपासाची हाय. पातेलंबी नवं आणलंय, त्यात गोश्त कदीच शिजलं न्हाई." सगळा वर्ग माझ्या तोंडाकडं बघत होता. आता कुठला उपास सांगणार होते मी?

म्हटलं, निवांत खाते गं. आणि शाळेमागं जाऊन — टाकली. उकिरड्यावर. हापशावर डबा विसळला, मागं वळले, तर शाहीन उभी. कुत्रं खिचडी खात होतं आणि ती त्याच्याकडं बघत होती. मी डबा पुढं केला. तिनं तो फ्रॉकला पुसला आणि गेली. त्यानंतर ती मला कधी "घ्या ना" म्हणाली नाही.

इथं थांबले असते तर फक्त भित्री ठरले असते. मी थांबले नाही. माझ्या प्रबंधात, मग पुस्तकात, मग दर भाषणात सांगत सुटले — ती खिचडी मी पोरांच्या गोलात बसून खाल्ली, आणि त्या घासानं मला खरी शिक्षिका केलं. लोकांचे डोळे भरून यायचे. पुढं पुढं मी चवसुद्धा सांगायला लागले. मीठ जरा जास्त झालं होतं म्हणे! निलाजरेपणाला काही हद्द?

यंदा बीडला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. गोष्ट नेहमीसारखी रंगवून सांगितली. एका तरुण गुरुजींनी विचारलं, मॅडम, ती मुलगी आता कुठं असते? मी तोंड उघडायच्या आत मागच्या रांगेतून एक शिक्षिका उठली. इतक्या वर्षांनी — पण ओळखलं मी. माझं नाव, माझी पुस्तकं, सगळं त्या क्षणी तिच्या हातात होतं, आणि ते तिलाही कळत होतं.

"ती मीच," शाहीन म्हणाली. सभागृह कौतुकानं वळून बघायला लागलं. ती मात्र माझ्याकडंच बघत होती. "त्या दिवशी घरी जाऊन मी अम्मीला सांगितलं, बाईंनी सगळी खाल्ली. अम्मी लई खुश झालती. मरेपर्यंत तेच सांगायची सगळ्यांना."

टाळ्या थांबेचनात. शाहीन खाली बसली. मी हसून मान हलवली, पाण्याचा एक घोट घेतला आणि पुढचा मुद्दा सुरू केला.