भास्करकाकांचा शिवळवाला डब्बा

भास्करकाका गेल्याची बातमी मला कारखान्यातल्या फोनवर कळली. सुपरवायझरनं लाइनवरून उठवून ऑफिसात नेलं, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी वाईट आहे, कारण तिथला फोन आम्हा बायांसाठी कधी चांगलं सांगायला वाजत नाही. पलीकडं आदिलाबादहून माझा धाकटा भाऊ रवी होता. "ताई, काका गेले. सकाळी काकूले चहा मागतला, अन् चहा येईपर्यंत..." मी जागेवर येऊन बसले, तर शेजारची बाई म्हणाली, अगं, हातात सोल्डरिंगची कांडी नाही आणि बोटं तशीच धरून काय बसलीस? पुण्याहून आदिलाबाद लांब पडतं. रजा मिळाली नाही. मी गेले नाही, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे कोणी मागून विचारायला नको.

दुसरा फोन दहा दिवसांनी आला. काकांसाठी बाजारातल्या लोकांनी शोकसभा ठेवली होती, आणि तिच्यात शेठ बोलले. शेठचं नाव मी लिहीत नाही. कापूस मार्केटच्या रस्त्यावर ज्यांचं टीव्हीचं मोठं दुकान आहे ते, आदिलाबादच्या माणसाला एवढं पुरे. शेठ डोळे पुसत म्हणाले, भास्कर आणि मी, आम्ही दोघांनी मिळून या जिल्ह्यातला पहिला व्हिडिओ गेम बनवला. लोकांनी माना हलवल्या. मग त्यांनी काकूकडं काकांनी बनवलेला गेमचा एक डब्बा मागितला. दुकानात काचेच्या कपाटात ठेवायचा, खाली पाटी लावायची, ‘आमची पहिली निर्मिती’. रवी त्यांच्याच दुकानात काम करतो. तो फोनवर दबक्या आवाजात बोलत होता. मी विचारलं, काकू काय म्हणाली? "म्हणे, तेरवी होऊ द्या, मंग पाहू."

मी सातवी शिकलेली बाई. लेख लिहायची सवय नाही, त्यात भावाची नोकरी डोळ्यापुढं दिसते. पण गप्प बसले तर तो डब्बा कायमचा शेठचा होऊन बसेल, आणि ते मला होऊ द्यायचं नाही. मेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मन शांत ठेवावं म्हणतात. माझं शांत नाही, आणि काकांनाही ते आवडलं नसतं.

आदिलाबादजवळच्या आमच्या बेल्याकडच्या गावात मराठी शाळा सातवीपर्यंत होती. पुढं तेलगूत शिकायचं होतं, ते मला झेपलं नाही, म्हणून शाळा सुटली. लग्न होऊन आदिलाबादला आले. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये, आणि पावसाळ्यात जिनिंग बंद. शेजारी भास्करकाकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वद सालाच्या आगेमागे त्यांनी हैदराबादहून सुटे बोर्ड आणून टीव्हीला लावायचे गेमचे डब्बे बनवायला घेतले होते. मी काम मागायला गेले तर म्हणाले, "रांगोळी येते का व बाई?" मी म्हटलं, येते. "ठिपके एका रेषेत येते का?" येतात. "मंग सोल्डर बी येईन. बस." एवढीच माझी परीक्षा. पहिल्या आठवड्यात मी बोटं भाजून घेतली आणि दोन बोर्ड जाळले. काकांनी ते जळके बोर्ड खिळ्याला टांगून ठेवले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवले, "हे आमच्या सुमनबाईचं गोंदण." लाज वाटली, पण पुन्हा बोर्ड जळला नाही.

डब्ब्याचं नाव ‘पट’. आमच्याकडं बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, त्यातला पट. पत्र्याची पेटी, वर पेंटरनं मराठी, तेलगू आणि उर्दू अशा तिन्ही अक्षरांत काढलेलं नाव, आणि पुढं खेळताना धरायचे दोन दांडे. इथं काकांनी चूक केली, आणि ती मी झाकणार नाही. बटणांच्या प्लास्टिकच्या पाट्या त्यांना आवडत नसत. हातात काहीतरी धरल्यासारखं वाटलं पाहिजे म्हणून ते दांडे निर्मल गावच्या लाकडी खेळण्यांच्या लाकडातून करून आणत. फुलासारखं हलकं लाकूड, वर लाल-पिवळा रंग. दिसायला इतके सुंदर की बाया हातात घेऊन बसत. पण आमचे खेळणारे कोण? कापसाच्या गाठी उचलणारे हमाल, कॉलेजची दांडगी पोरं. डाव रंगात आला की दांडा कटकन मोडे. आठवडाभरात अर्धे डब्बे मोडका दांडा घेऊन दारात परत.

हे डब्बे शेठच्या दुकानातून विकले जात. भागीदारी म्हणा, जे म्हणा, ती एवढीच, काका बनवत आणि शेठ विकत. दांडे मोडायला लागले त्याच महिन्यात शेठनं मुंबईहून प्लास्टिकचे डब्बे आणले. वर चकचकीत पत्र्याची पट्टी, तिच्यावर जपान लिहिलेलं. तेही माफ केलं असतं. व्यापारी आहे, माल बदलणारच. पण त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली, "भास्कर का डिब्बा मत लगाओ, पिक्चर ट्यूब उड़ जाती है." त्या काळात गल्लीत एखाद्या घरी टीव्ही असे, तोही लग्नात आलेला. ट्यूब उडते म्हटल्यावर कोण ठेवून घेईल? एक बाई तर डब्बा पोत्यात गुंडाळून, हात लांब करून, मेलेली घूस धरावी तशी घेऊन आली आणि दुकानाच्या पायरीवर टाकून न बोलता निघून गेली.

मी म्हटलं, "काका, तुमी बी त्याच्या मालाचं काही उठवा ना. म्हणा, शॉक लागते."

"लागते का?"

"नाही."

"मंग कसं म्हणू? अन् बाई, बदला तर मले घ्यायचाच हाय. पण खोटं बोलून घेतला तर तो त्याच्यासारखा होईन. मले माह्यासारखा पाह्यजे."

शेठनं खेळायला एक खोलीही उघडली होती. काकांनी मला तिथं पाठवलं, की जाऊन बस आणि लोक काय करतात ते पाहा. मी दोन दुपारी बसले. डब्ब्यावर लिहिलेले हजारो खेळ म्हणजे तेच सात-आठ, रंग बदलून. हरणाऱ्याला मागचे लोक खांदा धरून उठवत, आणि हरायला आलेला हळूच बटण बंद करून ‘लाइट गेली’ म्हणे. बाया दारातूनच परत फिरत. मी हे सगळं सांगितलं. काका बराच वेळ स्क्रू ड्रायव्हरनं कान खाजवत बसले, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन बेल्याच्या बसमध्ये चढले.

बेल्यात बैलगाडीचं काम करणारा एक सुतार होता. बैलाची मान अडकवायला जुवात जी खुंटी घालतात ती शिवळ, ती करण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. काकांनी वीतभर लांबीच्या बाभळीच्या शिवळा मागितल्या. सुतारानं वीत मोजली, काकांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "एवढ्या बारक्या काऊन जी? कोंबड्या जुंपता का?" काका म्हणाले, "हमाल जुंपतो." त्या शिवळांतली आजवर एकही मोडलेली मी पाहिली नाही. परत आलेल्या प्रत्येक डब्ब्याला आम्ही त्या बसवल्या. आणि अजून एक केलं. चालू-बंदचं बटण पुढून काढून पेटीच्या बुडाशी, डाव्या कोपऱ्यात नेलं. दोन्ही हातांनी डब्बा उचलल्याशिवाय ते सापडतच नसे. म्हणजे हरणाऱ्याला गुपचूप बंद करायची सोय राहिली नाही. जुन्या तऱ्हेचा एकही डब्बा आम्ही शिल्लक ठेवला नाही.

पण ट्यूबची भीती कशी काढायची? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी घरातला रंगीत टीव्ही उचलून दुकानाच्या ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून मांडला. तो काकूच्या माहेरचा. काकू पदर खोचून आली. "माह्या टीव्हीले काही झालं तर मी माहेरी जाईन, अन् तुमी या डब्ब्यासंगं राहा." काका म्हणाले, "दसऱ्यापर्यंत थांब. मंग दोघं बी जाऊ." पाटी लावली, की सकाळी दुकान उघडल्यापासून दिवे लागेपर्यंत डब्बा याच टीव्हीला चालू राहील, दसऱ्यापर्यंत. ट्यूब उडाली तर भास्करनं दुकान बंद केलं समजा.

लोक आले ते ट्यूब उडताना पाहायला. खरंच, खेळायला कोणी आलं नाही. मार्केटचे हमाल जेवणाचे डबे घेऊन समोर बसत आणि विचारत, "आज उडते का जी?" पण नुसतं बसून किती वेळ पाहणार? तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकानं शिवळ हातात धरली. हरला. उठायला लागला तर काकांनी खाली बसवलं. "आमच्याइथं हरला तो उठत नाही. हरला त्यानं पुढच्याले शिकवाचं." हा काकांचा कायदा. त्यामुळं हरण्याची लाज गेली, उलट हरलेला मास्तर होऊन बसे. हमालानं कॉलेजच्या पोराला शिकवलं, पोरानं आपल्या आईला. गणपतीच्या चवथीच्या दिवसांत तर पोत्यात डब्बा आणून टाकणारी तीच बाई माझ्या शेजारी बसून ओरडत होती, "मार, मार त्याले!" काकू आधी टीव्हीवर नजर ठेवायला बसे, पुढं तीच सगळ्यांना हरवायला लागली.

नवरात्रात एका दुपारी चित्र चारी बाजूंनी आत ओढलं गेलं. एवढंसं झालं, भोवती काळी चौकट. "उडाली! उडाली!" ओरडा झाला. समोरून शेठ रस्ता ओलांडून आले, कमरेवर हात ठेवून, सगळ्यांकडं बघत. "बोला था ना मैंने!" काकांनी डब्ब्याची वायर टीव्हीतून उपटली. पडद्यावर मुंग्या आल्या, त्याही तेवढ्याच बारक्या चौकटीत. मग काका अगदी गोड आवाजात म्हणाले, "शेठ, तुमच्या दुकानातले टीव्ही जरा चालू करता का?" शेठ म्हणाले, क्यों? पण लोक उठलेच होते. सगळा जमाव रस्ता ओलांडून शेठच्या दुकानात. तीन टीव्ही चालू केले, तिन्हींचं चित्र एवढंएवढंसं. वीजच कमी आली होती, साऱ्या रस्त्याची. एक म्हातारा हमाल वाकून वाकून तिन्ही पाहून आला आणि विचारता झाला, "शेठ, याईले कोणता डब्बा लावला होता जी?" ते हसू मी अजून ऐकते. शेठचा चेहराही मला आठवतो, आणि तो आठवला की मला बरं वाटतं. खोटं काऊन बोलू?

दसऱ्यापर्यंत ट्यूब काही उडाली नाही, आणि शेठकडं गेलेली गिऱ्हाइकं परत आली. आणि शेठचे डब्बेही आमच्याकडं यायला लागले, दुरुस्तीला, कारण आमच्याकडच्या विजेत ते टिकत नसत. काका ते दुरुस्त करून देत, पण एका अटीवर. जपानची पत्र्याची पट्टी ते गिऱ्हाइकासमोर ब्लेडनं उचकटत आणि तिथं ‘पट’ची चिकटवत. उचकटलेली पट्टी बिस्किटाच्या डब्यात. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना ते रस्त्याकडं तोंड करून तो डबा खुळखुळवत. समोर शेठ शटर ओढत असत. मला तेव्हा ते खुपलं. म्हटलं, "काका, हे डब्बे आपण केलेले नाहीत. ही बी चोरीच ना?" "आतलं अर्धं आता माह्यं हाय," काका म्हणाले. आणि मग, "अर्धीच चोरी हाय." याहून सरळ उत्तर त्यांनी दिलं नाही. मला अजूनही ते पुरतं पटलेलं नाही. खुळखुळ मात्र आवडायची.

पुढं जिनिंगचं काम तुटलं आणि आम्ही पुण्याला आलो. कारखान्यात सर्टिफिकेट मागितलं. मी म्हटलं, कांडी द्या आणि एक बोर्ड द्या. माझ्या रेषा पाहून साहेबानं पुन्हा कागद मागितला नाही. ते सर्टिफिकेट काकांनी मला रांगोळीवर दिलेलं होतं. हे त्यांना पत्रात लिहायचं राहून गेलं...

तिसरा फोन तेरवीच्या दुसऱ्या दिवशी. या वेळी रवीचा आवाज दबका नव्हता. तेरवीचं जेवण आटोपल्यावर शेठ काकूपुढं बसले आणि डब्ब्याचा विषय काढला. काकू उठली, आतून शिवळवाला डब्बा आणला, तो माहेरच्या त्याच टीव्हीला जोडला आणि पाट शेठसमोर सरकवला. म्हणाली, "तुमीच बनवला ना जी? मंग चालू करून दाखवा. चालला की घेऊन जा." पंक्तीतले सगळे हात पुसत गोळा झाले. शेठनं पुढं चाचपलं, बाजूला चाचपलं, मागं वाकून पाहिलं. शिवळ ओढून पाहिली. तिथल्या शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं बटण कुठं आहे, पण एकानं तोंड उघडलं नाही. "खराब है शायद," शेठ म्हणाले. काकूनं दोन्ही हातांनी डब्बा उचलला, खाली बोट घातलं, आणि पडद्यावर खेळ उभा राहिला. "बसा शेठ," ती म्हणाली, "हरला त्याले शिकवतो आमी." शेठ बसले नाहीत. चप्पल घालून गेले. रवी म्हणतो, नोकरीचं काय होईल ते होईल, ताई, तू लिही.

म्हणून लिहिलं. काकूनं रवीबरोबर पट्ट्यांनी भरलेला बिस्किटाचा तो डबा माझ्याकडं पाठवला आहे. आमच्या खोलीत खिडकीशी, माझ्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवला आहे. संध्याकाळी कारखान्यातून आले की पाय धुते, चहा टाकते, आणि खिडकीकडं तोंड करून तो एकदा खुळखुळवते. समोर कोणाचं दुकान नाही, नुसती भिंत आहे. तरी खुळखुळवते.