दाढीवाल्याला ब्लॉक करताना

मोबाइलमधल्या एका दाढीवाल्याचं ऐकून आईने शुगरच्या गोळ्या बंद केल्या आणि कारल्याच्या रसावर राहिली. चक्कर येऊन पडली, तेव्हा मला कळलं.

आज तिच्या खाटेशी बसून मी तिचा फोन घेतला आणि सूड उगवायला लागले. आधी दाढीवाला ब्लॉक. मग काढेवाला, मग ती मुद्रा शिकवणारी बाई. ढेकूण चिरडावा तसं एकेकाचं हसरं तोंड अंगठ्याखाली दाबताना गार वाटत होतं. दारात आलेल्या भोंदूला हाकलता येतं. हे मेले तिच्या उशाशी मुक्कामाला होते.

"दाढीवाल्याला परत आण गं," आई हळूच म्हणाली. "रोज सकाळी 'आई, बरी आहेस ना?' असं विचारतो."

माझा अंगठा थांबला. मी रविवारी फोन करते, तेव्हा "गोळ्या घेतल्यास ना?" एवढंच विचारते.